ब्रिटनमध्ये सेकंड हँड चार सीटर स्पोर्ट्स कार: माझदा आरएक्स-८ घ्यावी की टोयोटा जीटी८६?

रोज चालवायची असेल तर जीटी८६च घ्या. आरएक्स-८ बरीच स्वस्त मिळते, पण ते पैसे पुढे पंपावर आणि गॅरेजमध्ये जातात. तिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी गोल फिरणारा त्रिकोणी रोटर असलेलं) आतले सील कोरडे पडू नयेत म्हणून मुळातच थोडं ऑइल जाळतं, त्यामुळे डिपस्टिक सारखी बघावी लागते. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केलं, तर प्लग पेट्रोलने भिजून गाडी पुन्हा सुरू होईना, असंही होतं. शिवाय २३ मार्च २००६ पासून नोंदलेल्या आरएक्स-८ला रोड टॅक्स सर्वांत वरच्या दराने बसतो. मात्र मागे मोठी माणसं नेहमी बसणार असतील तर आरएक्स-८च बरी. जीटी८६ची मागची सीट लहान मुलांपुरतीच. मग रोटरी जाणणाऱ्या मेकॅनिककडून, इंजिन गरम असताना, कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिनच्या आतला दाब मोजणारी तपासणी) केल्याशिवाय पैसे देऊ नका.