जपानहून आलेली बाटली आणि आईबाबांच्या गोळ्या

टोकियो-योकोहामात नोकरीला असलेली मुलं सुट्टीला घरी येऊन गेली की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे एकसारखे प्रश्न येतात. बॅगेतून आलेल्या बाटल्या, घरात कुणालाच वाचता न येणारं लेबल, आणि "डॉक्टर, हे चालू केलं तर गोळी बंद करता येईल का?" याही वेळी तेच झालं, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न: आईला मधुमेह आहे. रोज एक याकुल्ट चालेल का? (ठाणे)

साध्या याकुल्टच्या (आंबवलेल्या दुधाच्या पेयाच्या) 65 मिलीच्या बाटलीत सुमारे दोन चमचे साखर असते. ती दिवसाच्या हिशेबात धरा आणि आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: मुलगा म्हणतो, "यावर जपान सरकारचा शिक्का आहे, डोळे मिटून घ्या." खरं का? (पुणे)

डोळे उघडे ठेवून घ्या. आधी शिक्का कोणता ते बघा. हात वर केलेल्या माणसाची खूण असेल तर ते 'टोकुहो'. ही पद्धत 1991 पासून आहे आणि तिच्यात त्या त्या उत्पादनाचा पुरावा तपासून सरकार परवानगी देतं. 2015 पासून दुसरा, सोपा मार्ग निघाला. त्यात कंपनीने विक्रीच्या 60 दिवस आधी ग्राहक व्यवहार संस्थेला कागदपत्रं कळवायची आणि दाव्याची जबाबदारी स्वतः घ्यायची. सरकार तो दावा तपासत नाही, आणि हे लेबलवर छापावंही लागतं. मुलाला ती ओळ वाचायला सांगा.

टोकुहोचीही हमी धरू नका. 2016 मध्ये एका कंपनीच्या सहा उत्पादनांची मान्यता रद्द झाली, कारण गुणकारी म्हणून सांगितलेला घटक पुरेसा नव्हताच. आणि 2024 ची लाल कोजीची (लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाची) घटना विसरू नका. कोलेस्टेरॉलसाठीच्या त्या गोळ्या दुसऱ्या, सोप्या मार्गाने बाजारात आल्या होत्या. डॉक्टरांनी जानेवारीतच कंपनीला मूत्रपिंडाच्या त्रासाचं कळवलं होतं. कंपनीने लोकांना सांगितलं 22 मार्चला. मधले दोन महिने माणसं त्या गोळ्या घेतच राहिली. यानंतर कुठे, त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून, अशा तक्रारी सरकारला कळवणं सक्तीचं झालं.

प्रश्न: बाबांचा रक्तदाब 160 च्या आसपास असतो. मुलीने तिळाच्या पेप्टाइडचा (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांचा) बार्ली चहा पाठवला. तीन महिने रोज घेतात, गोळी अर्धी केली आहे. आता डोकं जड वाटतं, थोडा खोकलाही आहे. अजून महिनाभर थांबून बघू का? (नाशिक)

नाही. एक दिवसही नाही. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा, बाटली बरोबर न्या. त्याआधीच एका हाता-पायातली ताकद गेली, बोलणं अडखळलं किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

आता जरा सविस्तर, कारण हे दर महिन्याला घडतं. असे चहा ज्यांच्यावर तपासले जातात ती माणसं वेगळी असतात: रक्तदाब किंचित वर, पण गोळी सुरू नाही. लेबलवरही "ज्यांचा रक्तदाब जरा जास्त आहे त्यांच्यासाठी" असंच लिहिलेलं असतं, आणि हे रक्तदाबाचं औषध नाही, हेही त्यातच असतं. मिळालेला फरक बहुधा थोड्या अंकांचा. दुधापासून केलेल्या अशाच पेप्टाइड पेयाचा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने मान्य केला नाही. तुमच्या बाबांना वर्षानुवर्षांचा रक्तदाब आहे. त्यांची अर्धी गोळी त्या चहाने भरून निघणार नाही.

दुसरं, ही पेप्टाइडं शरीरात ज्या वाटेने काम करतात, तीच वाट रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांची. म्हणूनच अशा बाटल्यांवर "क्वचित खोकला येऊ शकतो" अशी सूचना असते, आणि मूत्रपिंड कमजोर असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारा, अशीही. खोकल्याचं कारण गोळी, चहा की आणखी काही, हे घरी बसून ठरणार नाही. मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियमही तपासून घ्या.

रक्तदाब दुखत नाही, म्हणून "बघू, अजून थोडं थांबू" चालतं. माझ्या एका रुग्णाने असंच काढ्यावर पाच महिने काढले आणि अर्धांगवायू घेऊन आले. वेळेवर एक फोन केला असता तर ते आज स्वतःच्या हाताने जेवत असते. मुलांनी प्रेमाने पाठवलंय, मान्य. पण गोळी कमी करायचा निर्णय मुलीचा नाही, शेजाऱ्यांचा नाही आणि बाटलीचाही नाही.

प्रश्न: सासऱ्यांना हृदयाची कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू आहे. पंधरा दिवसांपासून आओजिरू पावडर घेतात. पालाच तर आहे ना? (नागपूर)

आजच हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) करून घ्या. आओजिरू म्हणजे कोवळ्या बार्लीच्या किंवा केल या कोबीच्या जातीतल्या भाजीच्या पानांचा रस, त्यात रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के भरपूर. वॉरफेरिन नेमकं त्याच्याविरुद्ध काम करतं. औषधाचा असर उतरला तर झडपेवर गुठळी होऊ शकते. जपानचे डॉक्टरही अशा रुग्णांना नात्तो (आंबवलेलं सोयाबीन), क्लोरेला (हिरवं शेवाळ) आणि आओजिरू बंद करायला सांगतात. गोळीचा डोस मात्र स्वतः बदलू नका. अॅसेनोकुमारॉल ही तशीच दुसरी गोळी घेणाऱ्यांनाही हेच लागू.

प्रश्न: मटणाच्या जेवणावर ब्लॅक ऊलाँग चहा घेतला तर चरबी लागत नाही म्हणे. माझं हिमोग्लोबिन 9 आहे. (कोल्हापूर)

जेवणानंतर रक्तातली चरबी थोडी कमी वाढते आणि अंगावर जरा कमी साठते, एवढाच तो दावा. चहा जेवणाबरोबर घेतला की लोह कमी शोषलं जातं. तुम्ही आधी हिमोग्लोबिनसाठी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न: सोसायटीत हायड्रोजन वॉटरच्या मशीनचं प्रात्यक्षिक झालं. थेंब टाकल्यावर पाण्याचा रंग बदलला. "जपानमध्ये हॉस्पिटलात वापरतात" असं सांगितलं. किंमत दीड लाख. (पिंपरी)

घेऊ नका. रंग बदलतो तो पाणी आम्ल आहे की क्षारीय, हे दाखवणाऱ्या द्रावणाचा. त्यातून तब्येतीचं काहीच कळत नाही. क्षारीय पाण्याच्या काही घरगुती यंत्रांना जपानमध्ये पोटाच्या किरकोळ तक्रारींपुरती मान्यता आहे, त्याच्या आधारावर इथे मधुमेह आणि कॅन्सर बरा करण्याच्या गोष्टी विकल्या जातात. हायड्रोजन वॉटरच्या पुराव्याशिवाय केलेल्या दाव्यांवर खुद्द जपाननेच 2017 मध्ये तीन विक्रेत्यांवर कारवाई केली आहे. घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर असलं पाणी विचारल्याशिवाय देऊच नका.

प्रश्न: पार्टीच्या आधी 'उकोन'ची बाटली घेतो, लिव्हर सुरक्षित राहतं. तरी एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलेलं आलं. (मुंबई)

उकोन म्हणजे आपली हळदच, सांगलीच्या बाजारात येते तीच. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी आणि तिचा काढलेला अर्क वेगळा. अशा अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दारूचा परिणाम ती बाटली पुसून टाकत नाही. दोन्ही आजपासून बंद करा आणि याच आठवड्यात पोटाची सोनोग्राफी, हेपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या करून फिजिशियनना भेटा. रोज दारू पीत असाल तर मात्र ती एकदम थांबवण्याआधी त्यांच्याशी बोला.