मैदान सुटलं, माइक हाती आला: यात कमीपणा कसला?

खेळातून निवृत्त झालेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुधा झोप उडाली म्हणून, नाहीतर घरात चिडचिड वाढली म्हणून. त्यातल्या एकाची ही हकीकत. त्याची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वय पस्तिशीच्या आत. बास्केटबॉलमध्ये राज्याकडून खेळलेला, खेळाडू कोट्यातून नोकरी. गुडघ्याने दगा दिला आणि खेळ थांबला. गडी बोलका, म्हणून स्थानिक स्पर्धांत समालोचन करू लागला. मग हळदी-लग्नांत सूत्रसंचालन, जोडीला डीजे. पैसेही बरे मिळत. पण वडील म्हणाले, "मैदान गाजवणारा पोरगा आता लोकांना हसवत फिरतो." ते त्याला फार लागलं. "मॅडम, खेळाडूचा विदूषक झालोय मी."

अशा वेळी मी मोठ्या माणसांची उदाहरणं देत नाही. समोरचा आणखी खचतो. अमेरिकन बास्केटबॉलपटू शॅकिल ओनीलचं, म्हणजे शॅकचं, नाव त्यानेच काढलं. "शॅकही डीजे आहेच की. पण तो शॅक आहे, त्याच्याकडे पैसा आहे." पैशाचं म्हणणं खरंच होतं, ते मी खोडलं नाही. मात्र शॅकची सगळी कारकीर्द त्याच्याच तोंडून वर्षावार वदवून घेतली. त्याला ती पाठ होती.

1992 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या ऑर्लँडो मॅजिक संघाने नव्या खेळाडूंत त्याची पहिल्या क्रमांकावर निवड केली. 1993 मध्ये पहिला रॅप अल्बम, 'शॅक डीझल'. म्हणजे एनबीएत जेमतेम एक मोसम झालेला! अल्बम दहा लाखांवर खपला, 1996 चा 'कझाम' सिनेमा मात्र सपशेल आपटला. खेळाकडे लक्ष नाही, अशी टीका होत राहिली. फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे फेक, तर जेमतेम निम्मेच पडत, 52.7 टक्के. त्याच माणसाने 2000 ते 2002 लेकर्स संघाकडून सलग तीन विजेतेपदं मिळवली, 2006 मध्ये मायामीच्या संघाकडून चौथं. 2011 मध्ये टाचेमागच्या अकिलीस शिरेच्या दुखापतीने थांबला आणि त्याच वर्षी टीएनटी वाहिनीच्या 'इनसाइड द एनबीए' या कार्यक्रमात चार्ल्स बार्कली या माजी खेळाडूशेजारी जाऊन बसला. तिथे खेळाडूंच्या फजितीच्या क्लिपा दाखवायच्या आणि एकही विजेतेपद नसलेल्या बार्कलीला चिडवायचं. डीजे म्हणून आजही तो 'डीझल'च आहे.

इथे आमचा गडी थांबला. "म्हणजे त्याने हे खेळ सुटल्यावर सुरू केलं नाही."

"आणि तुम्ही?"

मग निघालं, की संघाच्या रेल्वे प्रवासात प्रशिक्षकांच्या नकला करून डबा हसवणारा हाच. वडिलांनी सामने पाहिले होते, तो डबा पाहिला नव्हता.

तरी झोपेचा प्रश्न उरलाच. खेळातलं काय आठवतं ते त्याला लिहायला सांगितलं. कागदावर गुण, बक्षिसं कुठेच नव्हती. संध्याकाळचा सराव होता, वाट पाहणारे सोबती होते, अंग मोडून येणारा थकवा होता. यातलं काहीच माइक देऊ शकत नाही. खेळ गेल्याचं दुःख आणि माइकची लाज, दोन्ही एकमेकांत गुंतली होती. ती सुटी करण्यात आमचा बराच वेळ गेला. दुःखावर उपाय म्हणून तो संध्याकाळी लहान मुलांना शिकवू लागला. त्याने झोप पुष्कळ सुधारली.

लाजेसाठी वडिलांना बोलवावं लागलं. निवृत्त शिक्षक, शब्दाला पक्के. शॅकने 2012 मध्ये शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेतली, आणि तीही नेतृत्वातल्या विनोद आणि आक्रमकतेवर, हे ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. पण ते नरमले ते वेगळ्याच वाक्यावर, आणि ते त्यांचं स्वतःचंच होतं: "मला त्याला मैदानात बघायची सवय लागली होती हो." मुलाइतकाच खेळ त्यांचाही सुटला होता. घरच्यांचं हे दुःख कुणी विचारात घेत नाही, आणि मग ते टोमण्यांतून बाहेर पडतं.

आता स्पर्धेत मुलगा समालोचन करत असला की ते येऊन बसतात. हळदीच्या डीजेला जात नाहीत. तो आवाज मलाही सोसत नाही, त्यामुळे तेवढ्यापुरती मी वडिलांच्या बाजूने आहे.