आधी जेवण-झोप, बाकीचं नंतर

जवळचं माणूस गेलंय, तेव्हा सध्या स्वतःकडून फार अपेक्षा ठेवू नका. भूक मेलेली असते, म्हणून भुकेची वाट न बघता घड्याळ बघून चार घास पोटात ढकला. अंघोळ झाली तरी दिवस सत्कारणी लागला म्हणायचं.

रात्रीचं मात्र सांभाळा. अवेळी जाग आली की हात आपोआप मोबाइलकडे जातो, जुने फोटो, जुने मेसेज, आणि बघता बघता उजाडतं. त्यापेक्षा उठून बसा, दिवा लावा, मनात येईल ते कागदावर खरडा. सकाळी थोडं उजेडात चाला, त्याने झोपेचं चक्र ताळ्यावर यायला मदत होते. दारूने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्री झोपेचं खोबरं होतं. झोपेच्या गोळ्याही मनाने घेऊ नका.

कुणीतरी दुःखाच्या ‘पाच पायऱ्या’ (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) ऐकवेलच. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. तुमचं दुःख त्या क्रमाने चाललं नाही तर बिघडलं काही नाही. मध्येच खळखळून हसू आलं तरी चालतं.

‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला नेमकं काम द्या: हे बिल भर, बँकेत सोबत ये.

महिने लोटूनही रोजचं काही जमेना, तर समुपदेशक गाठा. जीव नकोसा वाटला तर मात्र वेळ बघू नका, घरातल्या कुणालाही उठवा, डॉक्टरकडे जा.

आणि गेलेल्या माणसाचं कपाट आवरायची घाई नको, लोक काहीही म्हणोत.