पॉइंटवर लाट लागणार का, हे पुण्यात बसून कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात आणि कर्नाटकातल्या मुळकीला वाळूच्या किनाऱ्यावर दोन सीझन सर्फिंग शिकून झालं, आता या आठवड्याच्या शेवटी पुण्याहून चेन्नईजवळच्या कोवलमला पॉइंटवर, म्हणजे समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकापाशी फुटणाऱ्या लाटेवर, जायचंय. विंडी या हवामानाच्या ॲपवर लाटांची उंची शनिवारी १.४ मीटर आणि रविवारी ०.९ मीटर दिसतंय, म्हणजे शनिवार पकडावा आणि रविवारी परत फिरावं, बरोबर ना?

माझं स्पष्ट मत आहे की उलट करा. का ते सविस्तर लिहितो. आपण पुणेकर रजा, विमानाचं तिकीट आणि बोर्डाच्या जादा सामानाचे पैसे मोजून समुद्राला भेटायला जातो. किनाऱ्यावर राहणाऱ्यासारखं सकाळी उठून खिडकीतून बघून ठरवता येत नाही. मंगळवारी रात्री कोथरूडच्या घरात बसून जे ठरेल तेच.

त्याआधी एक खात्री करून घ्या. कोवलम दोन आहेत. एक केरळात तिरुवनंतपुरमजवळ आणि दुसरं तमिळनाडूत, चेन्नईच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर, ईस्ट कोस्ट रोडला लागून. जुलैत केरळचं कोवलम मान्सूनच्या थेट माऱ्यात असतं आणि तिथले आकडे भलतेच मोठे दिसतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाने दोन दिवस केरळचा अंदाज बघून आम्हा सगळ्यांना उत्साहाने कळवला होता. नकाशावर बोट ठेवून जागा निवडा, नाव टाइप करून नको.

आता तुमचे आकडे. तुम्ही वाचलेली उंची ही सगळ्या लाटांची मिळून एकत्र उंची आहे. विंडीवर स्वेल (दूरच्या वादळातून चालत आलेल्या लाटा) आणि वाऱ्याच्या लाटा (जवळच्याच वाऱ्याने उठलेल्या) वेगवेगळ्या बघता येतात, त्या उघडा. मी आत्ता उघडून बसलोय. शनिवारच्या १.४ मीटरमधला जवळजवळ सगळा भाग वाऱ्याच्या लाटांचा आहे: पीरियड (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) ७ सेकंद, दिशा २०० अंश, म्हणजे दक्षिण-नैऋत्येकडून. त्याखाली स्वेलची दुसरी ओळ आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली. शुक्रवारी संध्याकाळी ०.३ मीटर, १८ सेकंद. रविवारी सकाळी तीच ओळ ०.९ मीटर, १४ सेकंद, दिशा १६० अंश. तुमची सगळी ट्रिप या दुसऱ्या ओळीवर आहे.

वाळूच्या किनाऱ्यावर लाट समोरून येते आणि जिथे वाळूचा उंचवटा असेल तिथे फुटते. पॉइंटवर लाटेला टोकाला वळसा घालून आत यावं लागतं. त्यामुळे लाट किती मोठी याच्या आधी विचारायचं की ही लाट वळू शकते का.

वळते कशी, ते गणपतीत अलका चौकात ढोल-ताशाचं पथक वळताना पाहिलं असेल तर लगेच कळेल. आतल्या बाजूचे वादक जागच्या जागी पावलं टाकतात, बाहेरचे लांब ढांगा टाकतात आणि अख्खी रांग न मोडता फिरते. लाटेचंही तसंच. तिचं जे टोक खडकाजवळच्या उथळ पाण्यात शिरतं ते मंदावतं, खोल पाण्यातलं टोक त्याच वेगात पुढे जातं, आणि रांग खडकाभोवती वळते. पण मंदावण्यासाठी लाटेला तळ लागावा लागतो, आणि तळ कधी लागणार हे पीरियड ठरवतो. खोल पाण्यातली तरंगलांबी मीटरमध्ये हवी असेल तर पीरियडचा वर्ग करून १.५६ ने गुणा. ७ सेकंदांची लाट सुमारे ७६ मीटर लांब, १४ सेकंदांची ३०६ मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर तळ जाणवायला लागतो. म्हणजे पहिलीला ३८ मीटर खोलीपर्यंत तळाचा पत्ताच नसतो, दुसरी १५० मीटर खोलीपासून वळायला लागलेली असते. म्हणून लांब पीरियडची लाट पॉइंटला बिलगून आत येते आणि आखूड लाट बाहेरूनच निघून जाते. शनिवारच्या २०० अंशांच्या लाटा तर जवळजवळ किनाऱ्याला समांतर जाणार आहेत. लांबवर पांढरे तुरे भरपूर दिसतील, आत गुडघाभर पाणी असेल.

हे मी पैसे मोजून शिकलोय. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत १.८ मीटरचा आकडा बघून तीन मित्रांना घेऊन गेलो. दिशा ईशान्य, पीरियड ७ सेकंद. दोन्ही बघितलं होतं, अर्थ लावला नव्हता. लाट होती, पण उलट्या बाजूने येत होती. कोवलमची लाट उजवी आहे, म्हणजे किनाऱ्याकडे तोंड केलं की उजवीकडे, उत्तरेला पळते. तिला स्वेल दक्षिणेच्या बाजूने यावा लागतो. ईशान्येकडून आलेली लाट पॉइंटला आडवी धडकत होती आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी भिंत एकाच क्षणी कोसळत होती. तीन दिवसांत कुणालाही धड एक लाट मिळाली नाही.

दिशेबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार कमी लोक बघतात. कोवलमच्या दक्षिणेला श्रीलंका आहे. नकाशा उघडा आणि कोवलमपासून श्रीलंकेच्या पूर्वेकडे सगळ्यात पुढे आलेल्या किनाऱ्याला स्पर्श करणारी रेघ मारा. ती साधारण १६५ अंशांवर पडते. म्हणजे सरळ दक्षिणेकडून, १८० अंशांनी येणारा स्वेल बेटाच्या सावलीत अडकतो. थोडा वळून पोचतो, पण जीव गेलेला असतो. १६५ च्या पूर्वेकडचा, १६०, १५०, १४० वाला मोकळा येतो. तुमचा रविवारचा १६० आहे. सावलीच्या कडेवर, पण बाहेर. १७५ असता तर मी तिकीट काढू नका असंच लिहिलं असतं.

हीच रेघ नकाशावर खाली नेली की ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्येच्या समुद्रात पोचते. म्हणून मी जागतिक वाऱ्याच्या नकाशावर ४० अंश दक्षिणेच्या खालची वादळं बघतो. मादागास्करच्या खाली मोठं वादळ दिसलं तरी कोवलमसाठी मी हुरळत नाही, कारण त्याच्या लाटा बेटाच्या मागे अडणार. (अरुगम बे या सर्फिंगच्या ठिकाणी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ते श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच आहे.) वादळ ऑस्ट्रेलियाच्या जवळ सरकलं आणि त्याचा वारा उत्तरेकडे वाहणारा असला की मी कॅलेंडर उघडतो. अंतर साधारण साडेसहा हजार किलोमीटर. लाटांचा जथा सेकंदाला ०.७८ गुणिले पीरियड इतके मीटर जातो, म्हणजे १८ सेकंदांचा ताशी ५० किलोमीटरने आणि १४ सेकंदांचा ४० च्या आत. पहिला सव्वापाच दिवसांत पोचतो, दुसऱ्याला जवळजवळ सात लागतात. तुमच्या अंदाजात शुक्रवारी १८ आणि रविवारी १४ दिसतंय ते याच हिशोबाने. शुक्रवारचे ०.३ मीटर बघून नाक मुरडू नका. ते पुढे आलेले पाहुणे आहेत, वऱ्हाड मागून येतंय.

मग ०.९ मीटर कमी नाही का? अंदाजातली उंची म्हणजे सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी, म्हणजे काही लाटा त्याहून बऱ्याच मोठ्या असणारच. शिवाय लांब पीरियडची लाट उथळ पाण्यात जास्त उभी राहते. अशा आकड्यांना मी टोकाच्या खडकापाशी डोक्याइतकी आणि आत छातीइतकी लाट पाहिली आहे. टोकापासून आत येताना ती पसरते, त्यामुळे लहान होते पण सुबक होते. तुम्ही आतच बसा.

वाऱ्याला शाळेतला भूगोल पुरतो: मतलई वारे आणि खारे वारे. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा लाटेचा चेहरा, म्हणजे समोरची उभी बाजू, धरून ठेवतो, खारा वारा तिचा चुरा करतो. जुलैत चेन्नईच्या बाजूला सकाळी पश्चिमेचा वारा मिळतो, तो तिथे जमिनीवरूनच येतो. दुपारकडे खारा वारा शिरतो. सूर्योदयाला पाण्यात असा, दहापर्यंत बाहेर या. ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मान्सून हे गणित पार उलटवतो.

भरती-ओहोटीबद्दल, तुम्ही काशीद-अलिबागचे आडाखे बरोबर नेऊ नका. आपल्या कोकणात तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. उधाणाच्या दिवसांत मुंबई-अलिबागकडे पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे तासाभरात किनारा ओळखू येत नाही. पूर्व किनाऱ्याचं वेळापत्रक वेगळं आहे आणि तिथे उधाणालाही फरक मीटरभराचा. वेळ बघून ठेवा, कारण ओहोटीला आतले दगड वर येतात, पण ट्रिप त्यावर ठरवू नका.

अंदाज किती खरा धरायचा? जागतिक मॉडेलची चौकट अनेकदा पाव अंशाची, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरची असते. अख्खा पॉइंट एका चौकटीच्या कोपऱ्यात बसतो आणि मॉडेलला तो दिसतही नाही. ते बाहेरच्या समुद्राचं सांगतं, आतलं तुम्ही ताडायचं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी इन्कॉइस या समुद्राची माहिती आणि इशारे देणाऱ्या सरकारी संस्थेचा पुद्दुचेरीजवळचा बोया, म्हणजे लाटा मोजणारं तरंगतं यंत्र, बघतो. तो कोवलमच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर आहे, स्वेल आधी त्याला भेटतो. शुक्रवारी रात्री तिथे १६-१७ सेकंद दिसायला लागले की समजा गाडी वेळेवर आहे. शनिवारी दुपारपर्यंत ७-८ च्या वर काहीच नसेल तर रविवारची सकाळ हुकेल, सोमवारकडे डोळे लावा. इन्कॉइसनेच लाटांच्या उधाणाचा इशारा दिला असेल तर मात्र पाण्यात उतरूच नका, मग आकडे कितीही देखणे असोत.

पोचल्यावर लगेच उडी मारायची नाही. ही माझी कळकळीची विनंती आहे. लांब पीरियडच्या दिवशी सेट, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांचे गट, दहा-पंधरा मिनिटांनी येतात आणि मधे समुद्र इतका शांत दिसतो की आपण नेमके नको त्या ठिकाणी आत शिरतो. घड्याळ लावून अर्धा तास बसा. मी एक खडक निवडतो आणि त्याच्यावरच नजर ठेवतो: सेट आला की पाणी त्याच्या कुठपर्यंत चढतं, किती लाटा येतात, शेवटची गेल्यावर त्याच्यावरून पाणी पांढरं होऊन ओघळायला किती वेळ लागतो. मागच्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला असाच बसलो होतो. बारा मिनिटं काही नाही. कोळ्यांची एक होडी निवांत बाहेर गेली. मग क्षितिजावर एक गडद रेघ उठली, तिच्या मागे दुसरी, आणि खडकाचा माथा दिसेनासा झाला. पाच लाटा. प्रत्येक लाट टोकापाशी उभी राहून जॅकेटची चेन ओढावी तशी दक्षिणेकडून उत्तरेला उलगडत गेली, आणि फेस विरल्यावर खालून गोटे घरंगळल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकला की मला कळतं की पाणी तळापासून हलतंय. त्या दिवशीचा आकडा होता ०.८ मीटर, १५ सेकंद.

वाळूच्या किनाऱ्यावरून येताय म्हणून दोन गोष्टी. आत शिरायची जागा स्थानिकांना विचारा आणि बाहेर यायची जागा आत शिरण्याआधी ठरवा. पॉइंटवर पाणी खडकालगत वाहत राहतं आणि तुम्हाला न कळता लाटेच्या दिशेने नेतं. किनाऱ्यावरचं एक झाड आणि एक घर एका रेषेत धरून ठेवा, रेष मोडली की पॅडल करून परत जागेवर या. आणि टोकाच्या सगळ्यात जवळ जो उभा राहिला, लाट त्याची. मधे घुसू नका. तिथली कोळ्यांची पोरं लहानपणापासून त्या पाण्यात आहेत, त्यांच्याकडे बघून जेवढं शिकाल तेवढं माझ्या या उत्तरातून शिकणार नाही.

एक वही करा. मी अजून कागदाचीच ठेवतो: मंगळवारी अंदाज काय म्हणत होता, बोयाने काय दाखवलं, प्रत्यक्ष काय मिळालं. माझ्या वहीत कोवलमची बत्तीस पानं झालीत आणि त्यातली निम्मी पानं तिथे जाऊन पदरी निराशा आली त्या दिवसांची आहेत. तीच जास्त उपयोगी पडतात, कारण १७० अंश दिसलं की मागे उलटून बघता येतं की तेव्हा काय झालं होतं.

तर तुमच्यासाठी: शनिवारी दुपारचं विमान घ्या, संध्याकाळी किनाऱ्यावर नुसता फेरफटका मारा, रविवारी उजाडताना पाण्यात असा. सोमवारची रजा टाका, कारण तोपर्यंत पीरियड १२-१३ वर आलेला असेल, लाट थोडी लहान आणि सेट जास्त वरचेवर, पॉइंटवर पहिल्यांदा जाणाऱ्याला ती सकाळ रविवारपेक्षाही सोयीची. शुक्रवारी रात्री बोया बघून मी इथेच आकडे टाकतो.