कॅलिफोर्नियाचा हायवे १ : दोघांनी जाताना

सॅन फ्रान्सिस्कोहून निघून दक्षिणेला लॉस एंजेलिसकडे जा, उलटं नको. अमेरिकेत गाडी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे या दिशेने समुद्र तुमच्याच बाजूला राहतो आणि थांब्यांवर वळणंही सोपं जातं. शहरात गाडीत बॅग दिसेल अशी अजिबात ठेवू नका, काच फोडून चोरी होते.

खरा वेळ बिग सर या डोंगराळ किनारपट्टीला द्या. १९३२ सालचा बिक्सबी पूल, मॅकवे धबधबा, दर वळणावर थांबावंसं वाटणारे कडे. तिथे रेंज नसते, पेट्रोल महाग असतं, म्हणून टाकी मॉन्टेरे किंवा कार्मेललाच भरा आणि नकाशा आधी उतरवून घ्या. दरडींमुळे हा रस्ता कधीकधी महिनोन् महिने बंद असतो, तेव्हा हॉटेलं ठरवण्याआधी कॅलट्रान्स या राज्याच्या रस्ते विभागाच्या साइटवर बघाच. उन्हाळ्यात सकाळी धुकं असतं, निघायची घाई करू नका. पोहण्याचं मात्र विसरा, पाणी फारच गार! सॅन सिमियनजवळ पिएद्रास ब्लांकासला किनाऱ्यावर पसरलेले एलिफंट सील मात्र चुकवू नका.

कॅम्ब्रियाहून ४६ नंबरच्या रस्त्याने पासो रोबल्सला वळा, तिथली झिनफँडेल ही रेड वाइन चाखा. पुढे सांता इनेझ खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं असल्याने समुद्राचा गार वारा थेट आत येतो, म्हणून तिथे पिनो न्वार ही वाइनची द्राक्षजात उत्तम पिकते. मला तीच जास्त आवडते. ज्या दिवशी वाइन, त्या दिवशी एकानेच प्यावी, नाहीतर मुक्कामाच्या गावातूनच टॅक्सी करावी.