वाचकांचे प्रश्न: बाण खुळखुळतोय, गोंद कुठं लावू?

प्रश्न: मी उद्यमबागेत लेथवर बावीस वर्षं काढलेला माणूस. भाचा अमेरिकेत हाय, विस्कॉन्सिनला, तिथं लायसन काढून धनुष्यानं हरणाची शिकार करतोय. त्याच्या बाणांची पाती, ब्रॉडहेड म्हणतात ती, वाजायलीत. व्हिडिओ कॉलवर कानाजवळ हलवून दाखवला तर पोरांच्या खुळखुळ्यासारखा आवाज. मी म्हटलं सुपरग्लू सोड, त्यानं सोडला, तरी वाजतंय. आता म्हणतोय मामा तू टर्नर हाईस, नवीन इन्सर्ट (बाणाच्या दांड्यात, म्हणजे शाफ्टात, बसणारी आट्यांची बुशी) करून पाठव. एम4 चा टॅप (4 मिमीचे आटे पाडायचं हत्यार) मारला तर चालतंय काय?
— एक टर्नर, बेळगाव

उत्तर: मामा, टॅप ठेवा खाली आधी. एम4 अजिबात नको. या टोकांचे आटे बहुतेक सगळीकडे 8-32 असतात, म्हणजे बाहेरचा व्यास साधारण 4.17 मिमी आणि इंचाला 32 आटे, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, पडतो 0.79 मिमी. एम4 चा पिच 0.7. तुम्ही केलेल्या इन्सर्टात त्याचं 4.17 चं टोक जाणारच नाही, जोर करून घुसवलं तर आटे खाणार, आणि उलट त्याच्या इन्सर्टात एम4 चं टोक घातलं तर सुरुवातीला लडबडत जाणार आणि पुढं जाऊन अडकणार. आटे बसल्यासारखं वाटणं आणि खरंच बसणं यातला फरक तुम्हाला मी काय सांगू.

पण मुळात इन्सर्टच खराब आहे हे कुणी ठरवलं? बाणाच्या पुढच्या बाजूला तीन सांधे असतात, पातं टोकाच्या बॉडीत बसतं, बॉडी इन्सर्टात स्क्रू होते, इन्सर्ट शाफ्टात चिकटवलेला असतो, आणि तिन्ही ठिकाणचा आवाज बाहेरून सारखाच ऐकू येतो, म्हणून माणूस दिसेल त्या फटीत गोंद ओततो. भाच्याला सांगा, पात्याचा पाना लावून (बोटांनी नाही, ती पाती दाढी होईल इतकी धारदार असतात) टोक काढ आणि नुसता शाफ्ट हलव. तरी वाजला तर आत काहीतरी सुटं आहे, बहुतेक वेळा वाळलेल्या गोंदाचा तुकडाच असतो, त्यानं जो सुपरग्लू ओतला त्याचाच असला तरी मला नवल वाटणार नाही. मागची नॉक (दोरीत अडकवायची खाच) काढून, उलटा धरून ठोकला की पडतो बाहेर.

शाफ्ट गप्प असेल तर टोक. इथं एक गंमत आहे, बदलायच्या पात्यांचं ब्रॉडहेड नुसतं हातात धरून हलवलं तर ते बऱ्याचदा वाजतंच, तो दोष नाही. पात्यांच्या मागची रिंग इन्सर्टच्या तोंडावर दाबली गेली की मगच पाती आवळतात. म्हणजे घट्ट फिरवल्यावरसुद्धा वाजत असेल तर रिंग हरवलीय किंवा झिजलीय, नाहीतर इन्सर्टचं तोंड सपाट नाही, कडेला गोंदाचा मणी राहिलाय आणि टोक टेकायच्या आधीच अडतंय. तुमच्या भाषेत फेसिंग बिघडलंय. इन्सर्टच्या तोंडाला मार्कर लावायचा, सपाट पट्टीवर चिकटवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर शाफ्ट उभा काटकोनात धरून हळू फिरवायचा, शाई जिथं राहिली तिथं खड्डा, सगळीकडून सारखी गेली की झालं. फोल्डिंग पात्यांचं टोक असेल तर गोष्ट वेगळी, तिथं पाती धरून ठेवणारं रबर तडकलेलं असतं किंवा पात्याचा बारीक स्क्रू ढिला, रबर बदला.

टोक बसतंय पण दहा-बारा बाण मारले की आपोआप सुटतंय, ही तक्रार वेगळी, ती धनुष्याच्या धक्क्यानं होते. आट्यांना थोडं मधाचं मेण चोळा आणि टोक आणि इन्सर्टच्या मधे छोटी रबरी ओ-रिंग घाला, बास. नळाची टेफ्लॉन टेप लावणारे आहेत पण मला नाही आवडत, जाड झाली की टोक एका बाजूला सरकतं.

आता इन्सर्टच हलत असेल, म्हणजे टोक धरून पिळलं की इन्सर्टसकट फिरतंय, तर मात्र काढूनच बसवावा लागतो. साधं टोक इन्सर्टात स्क्रू करायचं, पक्कडीत ते टोक धरून मेणबत्तीवर गरम करायचं, उष्णता धातूतून आत जाऊ द्यायची, कार्बनच्या शाफ्टला ज्योत लागली तर त्यातलं रेझिन जळतं आणि बाण गेला. आधी हॉटमेल्ट (गरम करून लावायचा गोंद) लावलेलं असेल तर सुटतो. मग इअरबडला सर्जिकल स्पिरिट लावून शाफ्ट आतून पुसायचा, बड स्वच्छ निघेपर्यंत, इन्सर्टला बारीक पॉलिश पेपर मारायचा आणि दोन भागांची एपॉक्सी लावून गोल फिरवत आत ढकलायचा, एका दिवसानं वापरायचा. सुपरग्लू कडक होतो आणि धक्क्यानं फुटतो, म्हणूनच तुमचा उपाय टिकला नाही. शेवटी टोक लाकडी फळीवर टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरवून बघायचा, सांध्यापाशी डुगडुगला तर परत. आणि शाफ्ट दोन्ही हातांनी किंचित वाकवून कानाशी धरायचा, कटकट असा आवाज आला तर मोडून कचऱ्यात टाका, चिरलेला कार्बन सुटताना हातात घुसतो.

प्रश्न: खानापूरकडे आमच्या उसात रानडुकरं येतात. असली पाती इथं मिळतील का?

उत्तर: विचारूच नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं शिकार बंद आहे, धनुष्यानं असो नाहीतर फासानं. उसाचं नुकसान झालंय त्याचे फोटो काढा आणि वनखात्याकडं भरपाईचा अर्ज करा.

प्रश्न: मुलगी शाळेच्या टीममध्ये इंडियन राउंड (देशी बांबूच्या धनुष्याची तिरंदाजी) खेळते, बाणही बांबूचे. पावसाळ्यात ठीक होते, आता मार्चमध्ये टोकं निघून टार्गेटमध्येच राहतायत. सर म्हणतात नवीन सेट घ्या.
— निपाणीहून एक आई

उत्तर: ताई, सेट घेऊ नका लगेच. बांबू पावसात दमट होऊन फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो, टोपीसारखं टोक आहे तेवढंच राहतं, म्हणून ढिलं. टोक काढा, बांबूचं तोंड चिरलंय का बघा. चिरलं नसेल तर सुती दोऱ्याचे एकदोन वेढे, त्यावर एपॉक्सी, टोक दाबून बसवा, बाहेर आलेली पुसून घ्या. चपडा लाख मेणबत्तीवर वितळवून लावली तरी धरते, पण उन्हात ठेवलेले बाण परत सुटतात. चिरलेला बाण बाजूला काढा. आणि टार्गेटमधून ओढताना मुलगी बाण मधेच धरते का बघा, धरत असेल तर एक हात टार्गेटवर टेकवून दुसऱ्यानं अगदी गवताच्या लगत धरायचा आणि सरळ मागं ओढायचा, हलवत हलवत काढला की नवीन बसवलेलं टोकसुद्धा आठवड्यात निघेल.