पावसाळी टायर फ्लॅटमध्ये ठेवायचे कुठं?

भावा, गगनबावड्याच्या चिखलासाठी मड टायरचा वेगळा सेट घेतलास, झकास. पण दिवाळीनंतर तो जिन्यात रचू नकोस; सोसायटीवाले बोंबलणार, आणि त्यांचं बरोबरच आहे. पार्किंगमधली पंपरूमही नको. पंपाच्या मोटारीतल्या ठिणग्यांनी ओझोन तयार होतो, त्यानं रबराला चिरा जातात. शिवाय 2019 चा पूर आठवतोय न्हवं? बाल्कनीत ऊन. राहिला पलंगाखालचा कोपरा. वहिनींना आधी विचार.

खाचांतला चिखल, अडकलेले खडे काढून धू, पूर्ण वाळव, काळ्या पिशवीत हवा दाबून काढून बांध. पॉलिश लावू नकोस. रिमसकट असतील तर आडवे, एकावर एक. नुसते असतील तर उभे, आणि महिन्यातनं एकदा फिरवायचे. कुठला टायर कुठल्या चाकाचा, ते खडूनं लिहून ठेव.